ओल्या साडीची एकांकिका

गेल्या महिन्यात एका मैत्रिणीने विचारलं, "माझ्या कथेची एकांकिका करायची आहे, कुठून सुरुवात करू?" फोनवर मी अर्धा तास काहीबाही बोलले आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की कामाचं एकही सांगितलं नाही. म्हणून आता क्रमाने लिहिते. जून २०२४ ते जानेवारी २०२५, तारखा आणि खर्चासकट. वहीत सगळं टिपून ठेवलं होतं, हिशेबाच्या नोकरीची सवय.

मी एका पतसंस्थेत काम करते, कोल्हापुरात शाहूपुरीत राहते आणि बारा-तेरा वर्षं कथा लिहिते. लिहिते म्हणजे वर्षाला दोन, फार तर तीन. नाटकाशी संबंध खुर्चीत बसून बघण्यापुरता. शाळेच्या गॅदरिंगला जिजाबाई झाले होते, तेवढाच अभिनयाचा अनुभव, आणि त्यातही शिवाजी झालेल्या मुलीचं वाक्य मीच म्हणून टाकलं होतं.

२०२२ च्या एका दिवाळी अंकात माझी पुराची कथा आली. २०१९ च्या ऑगस्टमधला पूर. पाणी उतरल्यावर नणंद-भावजय घर धुवायला येतात, चिखलाने भरलेली ट्रंक उघडतात, त्यात सासूची नऊवारी सापडते. घडतं ते एवढंच. बाकी सगळं भावजयीच्या डोक्यात चालतं. हे 'डोक्यात' प्रकरण मला पुढे फार महागात पडलं.

१६ जून, रविवार. अण्णांनी चहाला बोलावलं. अण्णा म्हणजे एसटीतून निवृत्त झालेले, चाळीस वर्षं हौशी नाटक करणारे, आमच्या गल्लीतल्या सगळ्यांचेच अण्णा. म्हणाले, "तुझ्या कथेत एक एकांकिका हाय. पर ती तुलाच उपसून काढायला लागंल." मला वाटलं, त्यात काय, निवेदन काढायचं आणि संवाद वाढवायचे. अकरा दिवसांत ३८ पानं लिहून दिली.

१४ जुलैला अण्णांच्या माडीवर पहिलं वाचन झालं. सहा माणसं, एक पंखा. ज्या एकांकिका स्पर्धेत उतरायचं होतं तिची मर्यादा ४५ मिनिटांची आणि आमचं वाचन चाललं एक तास दहा मिनिटं. पण वेळ ही लहान अडचण होती. मोठी अडचण माझ्या कानांना तिसऱ्या पानावरच कळली. कथेतलं सगळं मनोगत मी पात्रांच्या तोंडी घातलं होतं. "वन्सं, या साडीचा वास आला आणि माझ्या लग्नानंतरचे ते दिवस डोळ्यांसमोर उभे राहिले." असं कुणी बोलतं का? चिखलात उभी राहून, हातात खराटा घेऊन? कागदावर हेच वाक्य मला बरं वाटलं होतं. जिवंत बाईच्या तोंडून ते बाहेर पडलं आणि मला खाली बघावंसं वाटलं.

वाचन संपल्यावर अण्णांनी एकच विचारलं.

"ह्या भावजयीला काय पायजे?"

"तिला अपराधी वाटतंय, अण्णा. सासूच्या शेवटच्या दिवसांत ती..."

"वाटतंय ते ऱ्हाऊ दे बाजूला. पायजे काय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. बारा वर्षं कथा लिहिणाऱ्या बाईला आपल्याच पात्राला काय हवंय ते सांगता येईना, म्हणून घरी जाताना राग आला. अण्णांचाच आला, हे खरं सांगते.

हा प्रश्न अण्णांचा स्वतःचा नाही, हे नंतर कळलं. मॉस्को आर्ट थिएटरच्या स्तानिस्लाव्स्कीने नटांना हेच शिकवलं: भावना पकडायला जाऊ नका, ती हाताला लागत नाही. पात्राला या क्षणी काय साधायचं आहे ते ठरवा आणि त्यासाठी काहीतरी करा, भावना मागून येते. नटाच्या आधीच लेखकाच्या हातात हा प्रश्न यायला हवा, असं आता मला वाटतं. कथेत मी 'तिला अपराधी वाटलं' असं लिहून पुढे जाऊ शकते, वाचक विश्वास ठेवतो. नटाला ते वाक्य दिलं तर तो काय करणार? चेहरा पाडणार. आणि पाडलेला चेहरा म्हणजे अपराधीपणा नव्हे.

दोन दिवसांनी कामावर एका सभासदाची मुदत ठेवीची पावती शोधताना उत्तर सापडलं. ट्रंकेच्या तळाशी सासूने भावजयीच्या नावाने केलेल्या ठेवीची पावती आहे, आणि नणंदेला ते माहीत नाही. भावजयीला हवं आहे ते एवढंच: ट्रंक रिकामी व्हायच्या आत नणंदेला घराबाहेर काढायचं. आता ती गोड बोलेल, चहाला पाठवेल, कंबर दुखत असेल म्हणून काळजी करेल, आणि प्रत्येक गोड वाक्याखाली ती पावती असेल. मनोगताची बावीस पानं एका दुपारी उडाली.

जुलैच्या शेवटी पंचगंगेने ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली. पुराची एकांकिका लिहिताना खरंच पूर यावा, याला काय म्हणावं. आठवडाभर आमचा अर्धा ग्रुप आपापल्या घरातलं सामान वर चढवत होता. मीही तेच केलं. फक्त या वेळी ट्रंक उचलताना हात कुठे धरतो, दोघांत कोण आधी वाकतं, ते बघत होते. नवरा म्हणाला, "उचल की आता, बघत काय बसलीस?"

मग ८ ऑगस्ट. रात्री फोन वाजायला लागले, केशवराव पेटलंय. राजर्षी शाहू महाराजांनी १९१३ ते १९१५ या काळात बांधलेलं नाट्यगृह, खासबाग मैदानाला लागून असलेलं, संगीतसूर्य केशवराव भोसल्यांच्या नावाचं, आणि आग लागली ती त्यांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. सकाळी मी कामावर जायच्या आधी तिकडे गेले. रस्त्यावर माणसं गप्प उभी होती. एक म्हातारे गृहस्थ हातात नारळाची पिशवी घेऊन आले होते, जयंतीच्या कार्यक्रमासाठी असावा. अण्णा भिंतीकडे बघत म्हणाले, "हितं माझी पयली एन्ट्री चुकल्याली." दुसरं काही बोलले नाहीत. त्या आठवड्यात आम्ही एकांकिका सोडून द्यायचं जवळजवळ ठरवलं होतं. मग कुणीतरी म्हणालं की स्पर्धा शाहू स्मारकमध्ये होणार आहे, आणि तालमी पुन्हा सुरू झाल्या.

आता कागदपत्रांचं. ज्यांना फक्त नाट्यात रस आहे त्यांनीही हे वाचा, कारण नाटक इथेच अडकतं.

सार्वजनिक प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर करून घ्यावी लागते. हौशी रंगभूमीवर सगळे अजून "सेन्सॉर झालं का?" असंच विचारतात. स्पर्धेच्या प्रवेशिकेला या प्रमाणपत्राची प्रत जोडायची असते, त्यामुळे प्रवेशिकेच्या शेवटच्या तारखेपासून मागे मोजून किमान दोन महिने हातात ठेवा. आम्ही २३ सप्टेंबरला अर्ज केला. दहा दिवसांनी ध्यानात आलं, की पाठवलेल्या प्रतीत पानांना क्रमांक नव्हते आणि पात्रयादीही जोडलेली नव्हती. चूक सर्वस्वी माझी. ३ ऑक्टोबरला पुन्हा सगळं पाठवलं, २९ ऑक्टोबरला प्रमाणपत्र हातात आलं, धनत्रयोदशीला. शुल्क आणि अर्जाची पद्धत बदलत असते, ती त्या वेळची बघून घ्या. पण एक नक्की करा. ज्या दिवशी संहिता पाठवाल, त्या दिवशी तिची एक प्रत तारीख घालून वेगळी ठेवा. तालमीत संहिता रोज बदलते आणि मंजूर झालेली कोणती, याचा घोळ होतो. आमच्या घरात एका वेळी पाच आवृत्त्या फिरत होत्या. त्यातल्या एकीवर मुलाने गणित सोडवलं होतं.

लेखकाचं संमतीपत्रही लागतं. अण्णांच्या संस्थेत लिहिता-वाचता हात म्हणून मला चिटणीस करून टाकलं होतं. म्हणजे पत्र लिहिणारी लेखिका मी, आणि पत्र 'मिळालं' म्हणून सही करणारी चिटणीसही मी. 'आपली विश्वासू' लिहिताना फार हसू आलं. पुढे जे झालं ते बघता त्यात थोडं भविष्यही होतं.

तालमी संध्याकाळी साडेसात ते दहा, एका शाळेच्या वर्गात, फुकट. नोव्हेंबरात विधानसभेच्या मतदानासाठी शाळा गेली, तेव्हा पाच दिवस अण्णांच्या माडीवर. मी कोपऱ्यात बसून संहितेतली वाक्यं खोडत होते. लेखक तालमीत कशाला हवा, असं काही दिग्दर्शकांना वाटतं, आणि त्यांचं अगदीच चूक नाही. पहिले पंधरा दिवस मी प्रत्येक वाक्याला "असं नाही म्हणायचं" करत होते. मग अण्णांनी सांगितलं, "तुला जे म्हणायचं हुतं ते तू लिवलंस. आता ते तिला काय वाटतंय ते तिला बघू दे." वर चेखॉव्हचं उदाहरण दिलं. चेखॉव्ह हा मुळात कथालेखक. 'चेरीची बाग' १९०४ मध्ये मॉस्कोत रंगमंचावर आली तेव्हा तो म्हणत होता ही विनोदी नाटिका आहे, आणि स्तानिस्लाव्स्कीने ती गंभीर करून ठेवली. अण्णांनी विचारलं, "कोण खरं?" मी म्हटलं, चेखॉव्ह, लिहिलं त्याने. अण्णा म्हणाले, "आणि शंभर वर्सं झाली तरी लोक दोन्ही करून बघत्यात, ते?"

२५ नोव्हेंबरला प्रवेशिका भरली. पात्रयादीत चार नावं, नणंद, भावजय, शेजारचा पोरगा आणि पंचनाम्याला आलेला माणूस. लेखनासमोर माझं नाव. प्रवेश शुल्क १,५०० रुपये, अनामत १,००० रुपये. ती पात्रयादी लक्षात ठेवा.

२२ डिसेंबर, रविवार. भावजय करणारी आमची मैत्रीण रडत तालमीला आली. नवऱ्याची बदली नागपूरला, हजर व्हायला आठ दिवस. प्रयोग ११ जानेवारीला. तिच्यावर रागावण्यासारखं काही नव्हतं. तिला चहा दिला, घरी पाठवलं आणि सगळे गप्प बसलो. मग एकेक जण माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, मला अभिनय येत नाही. अण्णा म्हणाले, "वाक्यं तरी पाठ हायत न्हवं?"

पाठ होती, आणि तिथेच खरी पंचाईत होती. वाक्यं मला लेखिका म्हणून पाठ होती. पुढचं वाक्य काय आहे हे मला आधीच माहीत, त्यामुळे समोरची नणंद बोलायच्या आधीच माझा चेहरा उत्तर देऊन मोकळा. नणंद करणारी बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, वीस वर्षं हौशी रंगभूमीवर. तिसऱ्या दिवशी तिने मला बाजूला घेतलं. "वैनी, राग मानू नका. पर मी बोलत असताना तुम्ही ऐकत नाही. तुम्ही तपासताय." पेपर तपासतात तसं, हे ती बोलली नाही, पण शिक्षिका बोलल्यावर आणखी काय समजायचं!

माझा एक गैरसमज होता. मला वाटायचं, लिहिणारी माणसं वाचतात चांगलं, म्हणून बोलतीलही चांगलं. आपल्याकडे कथाकथनाची मोठी परंपरा आहे. शंकर पाटील इथलेच, पट्टणकोडोलीचे. ते, व्यंकटेश माडगूळकर आणि द. मा. मिरासदार तिघे गावोगाव कथा सांगत फिरायचे, माझे वडील त्यांच्या आठवणी अजून काढतात. पण कथाकथनात माणूस कथेच्या बाहेर उभा असतो. तो पाटील होतो, पाटलीण होतो, आणि मधेच श्रोत्यांकडे बघून हसतोही. सगळ्या दोऱ्या त्याच्या हातात. मीही दोऱ्या हातात ठेवूनच भावजय करत होते. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार आहेत, आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. लेखिका म्हणून माझं सगळं आयुष्य वाचिकात गेलं. बाकीची तीन खोल्यांची जागा माझ्याच घरात होती आणि मी तिकडे झाडूसुद्धा मारलेला नव्हता.

आता साडीचं सांगते, कारण ज्यासाठी हे लिहायला बसले ते तेच आहे.

कथेत साडी सापडते तिथे मी सव्वाशे शब्दांचा परिच्छेद लिहिला होता. संपादकांनी त्याचं कौतुक केलं होतं. ओल्या सुताचा वास, सासूच्या हाताच्या नखांची आठवण, मरणाआधी तिने मागितलेलं आणि न दिलेलं ताक, असं बरंच काही. एकांकिकेत त्याचं एक वाक्य उरलं होतं, आणि मी ते डोळ्यांत पाणी आणून म्हणत होते. रोज. रोज अण्णा मान हलवत होते.

२९ डिसेंबरला अण्णा म्हणाले, "साडी भिजवून आण." मी माझ्या सासूबाईंची जुनी सुती नऊवारी नेली. शाळेच्या मागच्या नळाखाली बादलीत भिजवली. ओली नऊवारी किती जड होते, हे लिहिताना माझ्या कधी मनात आलं नव्हतं. एकटीच्या हाताने ती पिळता येत नाही. एक टोक नणंदेने धरलं, दुसरं मी. आणि पिळायची तर एकीने उजवीकडे पीळ द्यायचा, दुसरीने डावीकडे. दोघींनी एकाच दिशेला फिरवली तर पीळच बसत नाही.

अण्णा म्हणाले, "आता भांडा."

आम्ही भांडणाचा प्रवेश सुरू केला. ती बोलली की तिचा पीळ घट्ट व्हायचा आणि तो माझ्या मनगटापर्यंत यायचा. मला उत्तर द्यायचं तर आधी टोक घट्ट धरायला लागायचं, नाहीतर साडी हातातून सुटेल. तिच्या वाक्याची वाट बघावी लागत होती, कारण ती किती ओढणार ते मला माहीत नव्हतं. संवाद सगळे पाठ होते, तिचे हात पाठ नव्हते. अर्ध्यात ती थांबली, पुढचं वाक्य म्हणालीच नाही, फक्त पीळ देत राहिली. पाणी टपटप खाली पडत होतं. मला रडायला आलं आणि मी ते आवरलं, कारण रडले असते तर हात सैल पडले असते.

तो सव्वाशे शब्दांचा परिच्छेद आणि उरलेलं एक वाक्य, दोन्ही गेलं. त्या रात्री मी संहितेत लिहिलं: 'दोघी साडी पिळतात.' तीन शब्द. सात महिन्यांत मला सापडलेली सगळ्यात चांगली कल्पना टेबलाशी बसून सुचली नाही, नळाखाली सुचली, तीही मला नव्हे.

उलटही सांगायला हवं, नाहीतर कथालेखनावर अन्याय होईल. कथेचा शेवट असा होता: पुराचं पाणी जिथपर्यंत चढलं होतं तिथे भिंतीवर रेघ उठते. ती रेघ भावजय रंगवू देत नाही, त्या दिवाळीला नाही आणि पुढच्या तीन दिवाळ्यांनाही नाही. एका वाक्यात चार वर्षं जातात. हे रंगमंचावर काही केल्या जमलं नाही. प्रकाश कमी-जास्त करून बघितला, निवेदकाचा आवाज लावून बघितला, शेजारच्या पोराला मोठा करून बघितला (तो म्हणाला, "मिशी लावू का?"). सगळं खोटं वाटत होतं. शेवटी कापलं. रंगमंचावर जे चालतं ते आत्ता चालतं. चार वर्षं सरकवायची तर कथेला एक पूर्णविराम पुरतो. ते वाक्य आजही मला दुखतं. एकांकिका बघितलेल्यांपैकी कुणालाच ते नाही म्हणून चुकल्यासारखं झालं नाही, हे जास्त दुखतं.

दहा दिवस घरात स्वयंपाक करताना तालीम. एक उपयोगाची गोष्ट, अण्णांनी सांगितलेली: पाठांतर बसून करू नका, काम करत करा. भाकरी थापताना जे वाक्य येतं ते बोललेलं असतं, खुर्चीत बसून येतं ते वाचलेलं असतं. दुसरं, आपली वाक्यं पाठ करण्याआधी समोरच्याची पाठ करा. तिसरं माझं स्वतःचं: स्वतःचं लेखन स्वतः करत असाल तर तालमीत संहिता हातात घेऊच नका. हातात आली की पेन शोधावंसं वाटतं.

११ जानेवारी २०२५, शनिवार. दसरा चौकात शाहू स्मारक भवनात आमच्या एकांकिकेचा नंबर चौथा, वेळ दुपारी सव्वातीन. मांडामांडीला दहा मिनिटं, आवराआवरीला पाच. टेम्पो वेळेत आला, ट्रंक आली, खाट आली, बादली आली. पाण्याखाली अंथरायचं प्लॅस्टिक घरी राहिलं. माझ्याच दारामागे. लाइटवाल्याने बादली बघितली आणि म्हणाला, "ताई, खाली वायरी हायत. पानी अजिबात नको." त्याचं बरोबरच होतं. कोरड्या जमिनीवर, कोरडी साडी.

विंगेत माझे हातपाय गार पडले. सगळा प्रवेश ओल्या साडीच्या वजनावर उभा आणि साडी पिसासारखी हलकी. शिक्षिका बाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "वैनी, मी ओढीन. तुम्ही धरा."

पहिली पाच मिनिटं मला आठवत नाहीत. प्रेक्षकांत कुणीतरी खोकत होतं आणि पुढच्या रांगेत एक लहान मूल वेफर खात होतं, एवढंच आठवतं. लिहिताना चुकलं की खोडता येतं, वाचकाला शेवटची प्रतच दिसते. इथे माझं एक वाक्य चुकलं, ते मी तीनशे माणसांसमोर चुकले आणि ते तसंच राहिलं. पंचनामावाल्याने सांभाळून घेतलं. मग साडी आली. तिने टोक धरलं, मी धरलं. तिने पीळ दिला आणि खरंच ओढली, तालमीपेक्षा जास्त. माझं मनगट वळलं. मी उलट पीळ दिला. कोरडी साडी, पण आम्ही दोघी मागे रेललो, वजन असल्यासारख्या. ती थांबली तेव्हा सभागृहातला खोकला थांबला होता. मुलाचे वेफर मात्र चालू होते.

४१ मिनिटांत पडदा पडला.

निकाल दुसऱ्या दिवशी रात्री. नणंदेला अभिनयाचं उत्तेजनार्थ मिळालं, आणि ते मिळायलाच हवं होतं. बाकी आम्हाला काही नाही. एका परीक्षकांनी नंतर बोलावून सांगितलं, की साडीच्या प्रवेशाआधीची दहा मिनिटं लेखिकेची आहेत, तिथे माणसं एकमेकांशी न बोलता प्रेक्षकांना माहिती देतात. मी ती पानं काढून बघितली. जुलैमधली होती, न कापलेली.

खर्च: प्रवेश १,५००, प्रकाश ४,५००, नेपथ्य ५,२००, टेम्पोच्या दोन फेऱ्या १,६००, रंगभूषा २,५००, झेरॉक्स आणि कागदपत्रं १,१४०, चहा-वडापाव ३,०६०. एकूण १९,५०० रुपये, अनामत वेगळी. आठ जणांनी दोन-दोन हजार काढले, वरचे अण्णांनी घातले आणि आजतागायत मागितले नाहीत. चहा-वडापावचा आकडा बघून घरचे हसतात. सहा महिन्यांच्या तालमी आहेत त्या, हिशेबात धरा.

फेब्रुवारीत नवीन कथा लिहायला बसले. दुसऱ्या पानावर 'तिला एकदम एकटं वाटलं' असं लिहिलं आणि पेन थांबलं. अण्णांचा आवाज आला. अर्धा तास त्या बाईला काय हवंय ते शोधत बसले, मग तिला डब्याचं झाकण सापडत नाही असं केलं. पण पुढच्याच परिच्छेदात तिची सहा वर्षं एका ओळीत घालवली, अगदी मजेत, कुणाला न विचारता.

अनामत परत घ्यायला २० फेब्रुवारीला गेले. पावती मूळच लागते, झेरॉक्स चालत नाही, आणि संस्थेचा शिक्का बरोबर न्या. मी शिक्का विसरले, म्हणून दोन खेपा. दुसऱ्या खेपेला हजार रुपयांबरोबर सहभागाची प्रमाणपत्रंही दिली. लेखनाचं माझ्या नावाचं होतं. भावजयीच्या भूमिकेचं प्रमाणपत्र बघितलं तर त्यावर नागपूरला गेलेल्या मैत्रिणीचं नाव. नोव्हेंबरातल्या प्रवेशिकेत तेच होतं आणि पात्रबदलाचं पत्र द्यायला चिटणीस विसरली होती. चिटणीस म्हणजे मीच. तुम्ही विसरू नका. कलाकार बदलला की त्याच दिवशी लेखी कळवा, पोच घ्या.

संध्याकाळी तिला फोन केला. म्हटलं, तुझं अभिनयाचं प्रमाणपत्र आलंय, पाठवू का?

ती म्हणाली, "मी तर नव्हतेच. कशी केली मी?"

"वाक्य चुकलीस एक," मी सांगितलं. "पंचनामावाल्याने सांभाळून घेतलं."